पडद्यावरची स्पर्धा, पडद्यामागची तालीम

दूरचित्रवाणीवर गाण्याची, नाचाची, ज्ञानाची किंवा नुसती एका घरात एकत्र राहण्याची स्पर्धा चालू असली, म्हणजे घराघरात एक वाद हमखास होतो. एकजण पदराने डोळे पुसत असतो, आणि दुसरा खाटेवर पडल्यापडल्या म्हणतो, "अहो, ते सगळं ठरलेलं असतंय!" आमच्या तीर्थपुरीत हा वाद मी घरात ऐकला आहे, एस. टी.च्या थांब्यावर ऐकला आहे आणि शिक्षकांच्या खोलीतही ऐकला आहे. गंमत अशी, की वाद घालणाऱ्या दोघांपैकी कोणीही दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम चुकवीत नाही! तेव्हा या 'ठरलेलं असतंय'चा थोडा शांतपणे विचार करू या. काय ठरलेले असते, किती ठरलेले असते आणि ते कोण ठरवितो?

या विचारासाठी लागणारे शब्द आपल्या गावात आधीपासूनच आहेत. जत्रेत कुस्त्यांचा फड भरतो. आरंभी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात. त्यांत ठरविण्यासारखे काही नसते. पुढे तोलामोलाची जोडी लागली आणि दोघेही जिवाच्या आकांताने खेळले, की लोक म्हणतात काटा कुस्ती झाली. पण दोघा पैलवानांनी आतून संगनमत करून हार-जीत आधीच वाटून घेतली असेल, तर ती नुरा कुस्ती. आणि ती ओळखणारे दोन-चार म्हातारे फडाच्या कडेला बसलेलेच असतात. तिसरी गोष्ट तमाशातली. एके काळी कलगीवाले आणि तुरेवाले शाहीर समोरासमोर उभे राहून एकमेकांना खरोखरच कोड्यात पाडीत असत. कलगी शक्तीचा पक्ष घेणारी, तुरा शिवाचा. पुढे एकाच फडातली माणसे दोन्ही बाजू वाटून घेऊ लागली आणि सवाल कोणता, जवाब कोणता हे तालमीत पक्के होऊ लागले. त्याबद्दल तमासगिराला कोणी लबाड म्हटले नाही. का? तर तिकीट काढणाऱ्यालाही ते ठाऊक होते.

दूरचित्रवाणीवरील स्पर्धेत काटा कुस्ती, नुरा कुस्ती आणि सवाल-जवाब या तिन्हींची मिसळ असते, आणि तिच्यातला कोणता भाग कोणता हे प्रेक्षकाला सांगितले जात नाही. सारी अडचण इथे आहे.

या प्रकाराची सर्वांत गाजलेली कथा अमेरिकेतील आहे, आणि तिचा नायक योगायोगाने माझ्यासारखाच एक महाविद्यालयातील अध्यापक आहे, म्हणून ती जरा विस्ताराने सांगतो. १९५६ साली तेथे 'ट्वेंटी-वन' नावाची प्रश्नोत्तरांची स्पर्धा सुरू झाली. दोन स्पर्धक, दोन काचेच्या खोल्या, कानांवर ध्वनियंत्र; प्रश्न जितका अवघड तितके गुण जास्त, आणि जो आधी एकवीस गुणांना पोचेल तो जिंकला. हर्बर्ट स्टेम्पेल नावाचा एक गरीब विद्यार्थी आठवड्यामागून आठवडे जिंकत गेला. लोकांना वाटले, काय ही बुद्धिमत्ता! प्रत्यक्षात कार्यक्रमाचा निर्माता डॅन एनराइट त्याला प्रश्न आणि उत्तरे आधीच सांगत होता. एवढेच नव्हे, अंगावर ढगळ सूट घालावयाचा, केस बारीक कापावयाचे, उत्तरापूर्वी किती थांबावयाचे, कपाळ कधी टिपावयाचे, हेसुद्धा शिकविले जाई. काचेच्या खोलीतील गार हवेचे यंत्र मुद्दाम बंद ठेवीत, म्हणजे घाम खराच येई! पाहा, घाम खरा आणि विचार खोटा.

काही काळाने जाहिरातदाराला आणि निर्मात्याला वाटू लागले, की या माणसाला लोक कंटाळले. आता देखणा, घरंदाज माणूस हवा. मग कोलंबिया विद्यापीठातील इंग्रजीचे तरुण अध्यापक चार्ल्स व्हॅन डोरेन आणले गेले. त्यांचे वडील मार्क व्हॅन डोरेन नामांकित कवी होते. ५ डिसेंबर १९५६ रोजी स्टेम्पेलने हरावयाचे असे ठरले. १९५५ सालचा उत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर पुरस्कार कोणाला, या प्रश्नाचे उत्तर 'मार्टी'. तो त्याचा आवडता चित्रपट, त्याने तो तीनदा पाहिला होता. पण त्याने आदल्या वर्षीच्या विजेत्याचे नाव सांगावयाचे होते, आणि ते त्याने सांगितले. आपल्याला येत असलेल्या प्रश्नाचे चुकीचे उत्तर देऊन सबंध देशापुढे अज्ञानी ठरण्याची ही बोच त्याला शेवटपर्यंत राहिली, आणि पुढे बिंग फुटले ते त्याच्याच तोंडून. व्हॅन डोरेन यांनी या स्पर्धेत १,२९,००० डॉलर मिळविले. त्यांची विद्यापीठातील वर्षाची प्राप्ती साडेचार हजार डॉलरांच्या आत होती, हे लक्षात घ्या. २ नोव्हेंबर १९५९ रोजी त्यांनी अमेरिकन संसदेच्या समितीपुढे सारे कबूल केले आणि त्यांची विद्यापीठातील जागा गेली. १९६० मध्ये तेथे कायदाच झाला, की ज्ञानाच्या, कौशल्याच्या किंवा नशिबाच्या स्पर्धेचा निकाल प्रेक्षकांना फसविण्याच्या हेतूने आधी ठरविणे हा गुन्हा आहे.

ही झाली शुद्ध नुरा कुस्ती. आता प्रश्न असा, की आजच्या स्पर्धा अशाच चालतात काय? माझे मत असे आहे, की बहुतेक वेळा तशी गरजच पडत नाही. उत्तर पढविणे धोक्याचे असते, कारण पढविलेला माणूस उद्या फुटतो. त्यापेक्षा माणसे निवडणे, त्यांना एका जागी आणणे आणि मग जे घडले त्यातले हवे तेवढेच दाखविणे हे अधिक सोपे, आणि ते करण्यास कोणाचीही मनाई नाही.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे 'बिग बॉस'. हा खेळ मूळ नेदरलँड्स देशातला. १९९९ साली तेथे 'बिग ब्रदर' या नावाने तो सुरू झाला. हे नाव जॉर्ज ऑर्वेल यांच्या कादंबरीतील सर्वांवर पाळत ठेवणाऱ्या सत्ताधीशाचे आहे. आपल्याकडे तो हिंदीत २००६ साली आला आणि मराठीत एप्रिल २०१८ मध्ये. घरात डझनभर किंवा त्याहून थोडी अधिक माणसे कोंडावयाची. फोन नाही, वर्तमानपत्र नाही, भिंतीवर घड्याळदेखील नाही. आणि सगळीकडे कॅमेरे.

आता थोडे गणित करू. समजा घरात शंभर कॅमेरे आहेत. एका दिवसाचे तास चोवीस. म्हणजे एका दिवसात २,४०० तासांचे चित्रण जमले. एकट्या माणसाने ते सलग, झोप न घेता पाहावयाचे म्हटले तर त्याला शंभर दिवस लागतील! आणि आपल्याला रात्री दिसते किती? जाहिराती वजा जाता पाऊण तास. पुष्कळ कॅमेऱ्यांपुढे रिकाम्या खोल्याच असतील हे कबूल. पण तरीही हजारो भागांतून एक भाग कोणीतरी उचलतो. ज्वारीच्या खळ्यावरून मूठभर दाणे उचलून व्यापाऱ्याला नमुना दाखवावा, तसे हे आहे. त्या मुठीतला एकही दाणा खोटा नसतो. पण मूठ कोणत्या ढिगातून भरली ते दाखविणाराच जाणतो.

या कापाकापीला संकलन म्हणतात, आणि ती मोठी करामतीची कला आहे. सकाळी कोणी जांभई देताना तोंड वाकडे केले असेल. ते चित्र संध्याकाळच्या दुसऱ्याच्या बोलण्यानंतर जोडले, की तो त्या बोलण्याला तोंड वेंगाडतो आहे असे दिसते. सोमवारच्या वाक्याचा आरंभ आणि गुरुवारच्या वाक्याचा शेवट एकमेकांना जोडता येतो. अशा वेळी बोलणाराचा चेहरा न दाखविता ऐकणाराचा दाखवितात, म्हणजे ओठांची हालचाल जुळण्याचा प्रश्न उरत नाही. परदेशातील अशा कार्यक्रमांत काम केलेल्या संकलकांनी या युक्त्या स्वतः सांगितलेल्या आहेत. त्यावर गंभीर किंवा खट्याळ पार्श्वसंगीत घातले, की आपण कोणावर रागवावयाचे आणि कोणाला हसावयाचे हे वाद्येच सांगतात. आणि अशा स्पर्धांच्या करारपत्रात, चित्रण हवे तसे कापण्या-जोडण्याचा हक्क सामान्यतः निर्मात्याला दिलेला असतो. स्पर्धकाने सही केलेली असते. तक्रार करणार कोणाकडे?

घरातली भांडणे पढविलेली असतात का, असे पुष्कळजण विचारतात. अहो, पढवावयाची गरज काय? माणसे निवडतानाच एक तापट, एक हळवा, एक कुचका आणि एक भाबडा निवडावयाचा. त्यांना झोप कमी, काम नाही, बाहेरची बातमी नाही. मग धान्याच्या वाटपावरून चुरस लावून द्यावयाची. लग्नघरात चार दिवस राहिलेले सख्खे नातेवाईकसुद्धा पाचव्या दिवशी भांडतात. भांडण खरेच असते; भांडणाची पेरणी दुसऱ्याने केलेली असते. आठवड्याच्या शेवटी सूत्रसंचालक येऊन सर्वांची झडती घेतो. मराठी 'बिग बॉस'मध्ये महेश मांजरेकर यांच्या काळात या झडतीला 'चावडी' असेही नाव होते. २०२४ च्या पाचव्या पर्वात रितेश देशमुख आले आणि तिचा 'भाऊचा धक्का' झाला. गावच्या चावडीवर जे बसतात त्यांनी भांडण स्वतः पाहिलेले तरी असते, किंवा दोन्ही बाजूंचे साक्षीदार तरी समोर असतात. या चावडीवर मात्र आपण न्याय करतो तो पाऊण तासाच्या पुराव्यावर.

याच पाचव्या पर्वात बारामती तालुक्यातील मोढवे गावचा सूरज चव्हाण विजयी झाला, आणि खेड्यापाड्यांतून मोठा आनंद व्यक्त झाला. लगोलग कुजबुजही सुरू झाली: गरीब पोरगा म्हणून ठरवून जिंकवला. मला ही कुजबुज पटत नाही. संशय हा काही पुरावा नव्हे. लाखो लोकांना तो आपला वाटला, आणि आपल्या माणसाला मत देणे यात नवल ते काय? पण 'ठरविणे' कोठे असते ते पाहावयाचे असेल तर दुसरीकडे पाहा. हे पर्व शंभर दिवसांचे अपेक्षित होते. ते सत्तर दिवसांत, ६ ऑक्टोबर २०२४ रोजी संपविण्यात आले. ज्या खेळाची लांबी मालकाला मध्येच बदलता येते, त्याची तुलना क्रिकेटच्या सामन्याशी करता येईल का? चाळिसाव्या षटकाला पंच म्हणाले, "चला, आटोपा," असे आपण मैदानावर चालवून घेणार नाही. यात बेकायदा काही नाही. फक्त हा खेळ मैदानावरचा नसून मालकाच्या अंगणातला आहे, एवढे त्यावरून समजते.

या पर्वातील उपविजेता कोण होता, आठवते? अभिजीत सावंत. २००५ साली 'इंडियन आयडॉल'ची पहिली स्पर्धा जिंकलेला तोच मुंबईचा मराठी मुलगा. या दोन स्पर्धांच्या मधल्या काळात, २०२१ मध्ये, त्याने जाहीरपणे एक गाऱ्हाणे मांडले होते. गाण्याच्या कार्यक्रमांना आता स्पर्धकाच्या गळ्यापेक्षा त्याच्या गरिबीत आणि दुःखात अधिक रस वाटतो, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. जो माणूस या यंत्रातून स्वतः गेला आहे त्याचे हे बोलणे आहे, म्हणून त्याला वजन आहे.

गाण्याच्या स्पर्धेची पडद्यामागची रीत अशी. शहरातील एखाद्या शाळेत किंवा मैदानात चाचणी असते. पहाटेपासून रांग लागते. प्रेक्षकांना वाटते, की रांगेतला प्रत्येकजण थेट त्या प्रसिद्ध परीक्षकांपुढे जाऊन गातो. तसे होत नाही. आधीच्या एक-दोन फेऱ्या कार्यक्रमाची माणसे घेतात. त्यांतून निवडलेले थोडेच परीक्षकांपर्यंत पोचतात. त्या थोड्यांत उत्तम गाणारे असतात आणि अगदी वाईट गाणारेही असतात. वाईट गाणारा दोन फेऱ्या ओलांडून तेथवर पोचलाच कसा? उघड आहे, हसण्यासाठी त्याला पोचविलेला असतो. अर्जात वडील काय करतात, घरी काय अडचण आहे, आयुष्यातील कठीण प्रसंग कोणता, असेही प्रश्न असतात. उत्तर चांगले निघाले, की कॅमेरा घरी येतो. चूल, गोठा, गळके छप्पर, आईचे डोळे.

मग परीक्षकांची स्तुती. मे २०२१ मध्ये 'इंडियन आयडॉल'च्या बाराव्या पर्वात किशोरकुमार यांच्या गाण्यांचा विशेष भाग झाला, आणि त्यांचे चिरंजीव अमितकुमार पाहुणे म्हणून गेले. पुढे त्यांनी मुलाखतीत सांगून टाकले, की सर्वांची स्तुती करावी असे आपल्याला सांगण्यात आले होते आणि आपण तशी केली. गायिका सुनिधी चौहान या पूर्वी त्या स्पर्धेच्या परीक्षक होत्या. स्तुती करण्याविषयी आपल्यालाही सांगितले जाई, असे त्यांनीही त्याच सुमारास बोलून दाखविले. आता शिक्षकांनी विचार करावा. सर्वच मुलांना शंभरपैकी शंभर गुण दिले तर गुणपत्रिकेला काय अर्थ उरेल?

आवाजाचेही तसेच. आपल्याला ऐकू येते ते गाणे आणि मंचावर गायिले गेले ते गाणे यांच्यामध्ये यंत्र असते, आणि चुकलेला सूर जाग्यावर आणणारे यंत्र कधीच निघाले आहे. इंग्लंडमधील 'एक्स फॅक्टर' या स्पर्धेत २०१० साली चाचणीच्या गाण्यांवर असा हात फिरविल्याचे प्रेक्षकांच्या कानांनी टिपले, ओरड झाली आणि कार्यक्रमाच्या लोकांना ते मान्य करावे लागले. टाळ्यांचे तर विचारूच नका. प्रेक्षकांना कधी उभे राहावयाचे आणि कधी टाळ्या वाजवावयाच्या हे खुणेने सांगणारा माणूस मंचाच्या कडेला असतो. कीर्तनात टाळकरी बुवांकडे पाहतात तसे सारे त्याच्याकडे पाहतात.

म्हणून सारेच खोटे म्हणावयाचे काय? नाही. २००८-०९ साली झी मराठीवर 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स' झाले. आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली. लातूरचा रोहित राऊत, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन ही मुले घराघरांत पोचली. कितीही कापाकापी केली तरी त्या वयात तसा गळा कोणत्याही संकलकाला निर्माण करता आला नसता. ती मुले आज मोठी होऊन गात आहेत. (त्यांतील मुग्धा आणि प्रथमेश यांचे २०२३ मध्ये लग्नही झाले, असला शेवट कोणत्याही निर्मात्याला आधी ठरविता आला नसता!) तसेच २०१९ मध्ये 'कौन बनेगा करोडपती'त अंजनगाव सुर्जी येथील बबिता ताडे यांनी एक कोटी रुपये जिंकले. शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवून महिना पंधराशे रुपये मिळविणारी ही बाई. त्यांची कहाणी सांगताना कार्यक्रमाने संगीत घातले असेल, कॅमेरा घरी नेला असेल. पण त्या खुर्चीवर बसून दिलेली उत्तरे त्यांची स्वतःची होती. सजावट आणि वस्तू यांत फरक करता आला पाहिजे.

सजावटीपर्यंत मी फारशी तक्रार करणार नाही. माझी तक्रार सुरू होते ती मतांपाशी आणि पैशांपाशी.

'कौन बनेगा करोडपती'चेच २००७ चे पर्व घ्या. त्या वेळी घरबसल्या प्रेक्षकांसाठी 'हर सीट हॉट सीट' नावाची स्पर्धा होती. प्रश्नाचे उत्तर फोनच्या संदेशाने पाठवावयाचे आणि रोज एका भाग्यवंताला दोन लाख रुपये. संदेशाला २ रुपये ४० पैसे पडत. सुमारे ५ कोटी ८० लाख संदेश गेले. गुणाकार करून पाहा: जवळजवळ १४ कोटी रुपये. आणि ५२ भागांचे मिळून बक्षीस १ कोटी ४ लाख. हे बक्षीस प्रेक्षकांच्याच पैशांतून दिले जाते आणि तसे सांगितले जात नाही, अशी तक्रार एका ग्राहक संस्थेने केली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वाहिनी आणि दूरध्वनी कंपनी यांना एक कोटी रुपयांची दंडात्मक भरपाई सुनावली. पुढे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अनुचित प्रथेचा पुरावा नाही म्हणून, तो निर्णय रद्द केला. न्यायालयाचा निर्णय मान्य करूनही गुणाकार काही बदलत नाही. तो वर्गात घालावयास चांगले उदाहरण आहे.

इंग्लंडमध्ये प्रकरण अधिक पुढे गेले. तेथील आयटीव्ही या वाहिनीच्या कार्यक्रमांत लोक पैसे मोजून फोन करीत होते, आणि काही वेळा विजेता नशिबाने न निवडता, तो कोठे राहतो आणि पडद्यावर कसा शोभेल हे पाहून निवडला जात होता. मे २००८ मध्ये नियामक संस्थेने वाहिनीला ५६ लाख ७५ हजार पौंडांचा दंड केला.

दक्षिण कोरियातील गोष्ट तर गणिताच्या शिक्षकांनी पाठ करून ठेवावी अशी आहे. 'प्रोड्यूस १०१' ही तेथील तरुण गायक-नर्तकांची लोकप्रिय स्पर्धा. प्रेक्षकांच्या मतांवर संघात कोण जाणार हे ठरे. जुलै २०१९ मध्ये शेवटच्या पर्वाचा निकाल लागला, आणि काही प्रेक्षक आकडे घेऊन बसले. एका क्रमांकाच्या आणि पुढच्या क्रमांकाच्या मतांतील फरक अनेक जागी अगदी तोच निघाला: २९,९७८. लाखो माणसांनी आपापल्या मनाने दिलेली मते, आणि फरक पुन्हा पुन्हा तोच! हे कसे शक्य आहे? पोलीस तपास झाला. चारही पर्वांत मतांची फिरवाफिरव झाल्याचे निघाले, आणि २०२० मध्ये मुख्य निर्मात्याला दोन वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. ज्या मुलांना खरी मते अधिक पडली होती आणि तरी जी बाहेर पडली, त्यांची उमेदीची वर्षे मात्र कोणत्याही न्यायालयाला परत देता आली नाहीत.

म्हणजे पडद्यावरच्या स्पर्धेत मत देताना विचारावयाचे ते असे: मते मोजतो कोण? मोजलेले आकडे जाहीर होतात का? बाहेरच्या कोणी तपासले का? एका माणसाला किती मते देता येतात? गावच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराचा माणूस मोजणीच्या टेबलाशी बसतो. येथे कोणी बसत नाही.

आता खेड्यातील पालकांना आणि गुरुजींना थेट उपयोगाचे थोडेसे. वर्गातली एखादी मुलगी चांगली गाते. कोणीतरी फोन करून सांगतो, 'अमुक कार्यक्रमात निवड करून देतो, नोंदणीचे इतके पैसे पाठवा.' पैसे पाठवू नयेत. मोठ्या वाहिन्यांच्या चाचण्यांची सूचना त्यांच्याच पडद्यावर येते; चाचणीआधी मध्यस्थाला पैसे मागण्याचे कारण नाही.

मुलाची खरोखरीच निवड झाली, तर कायदा काय म्हणतो हे ठाऊक असावे. बालकामगारविषयक कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ मध्ये नियम आले. चौदा वर्षांखालील मुलाला कलाकार म्हणून काम करता येते, परंतु अटी आहेत. ज्या जिल्ह्यात चित्रीकरण असेल तेथील जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने घ्यावयाची असते. दिवसात पाच तासांहून अधिक काम नाही. विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक नाही. ओळीने सत्तावीस दिवसांहून अधिक काळ काम नाही, आणि शाळा बुडता कामा नये म्हणून शिक्षणाची सोय करावयाची. पाच मुलांमागे निदान एक जबाबदार माणूस. मुलाच्या कमाईपैकी किमान वीस टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने मुदत ठेवीत टाकावयाची. आणि मुलाच्या इच्छेविरुद्ध काहीही नाही. करारपत्र इंग्रजीत असते, पाने पुष्कळ असतात आणि सही आजच हवी असते. तेव्हा तालुक्याच्या ठिकाणच्या वकिलाकडून ते वाचून घ्यावे आणि या पाच-सहा अटींवर बोट ठेवून प्रश्न विचारावेत. मुलगी हरून परत आली, तर शाळेने तिला पहिल्याच दिवशी प्रार्थनेच्या वेळी गावयास उभे करू नये. तिला आधी चार दिवस खेळू द्यावे.

आणि ज्या शिक्षकांना ही सारी चर्चा वर्गात दाखवून द्यावयाची असेल त्यांनी एक प्रयोग करावा. खर्च काही नाही. शाळेतील खो-खोचा एक सामना आधीपासून शेवटपर्यंत मोबाईलवर चित्रित करावा. मग आठवीच्या मुलांचे दोन गट पाडावेत आणि तेच चित्रण दोन्ही गटांना द्यावे. पहिल्या गटाने एका मिनिटाचा असा तुकडा तयार करावयाचा, की अमुक खेळाडू आळशी आणि भांडखोर वाटला पाहिजे; दुसऱ्या गटाने त्याच खेळाडूला सामन्याचा नायक ठरवावयाचे. नवे काही बोलावयाचे नाही, नवे चित्रण करावयाचे नाही. फक्त कापावयाचे, जोडावयाचे आणि हवे तर संगीत घालावयाचे. खेळाडूची संमती आधी घ्यावी, आणि तो मुलगा वर्गात धीट असलेला निवडावा. दोन्ही तुकडे सर्व वर्गाला दाखवून मुलांचे मत कागदावर लिहून घ्यावे. मूळ चित्रण मात्र पुसू नये. मते लिहून झाली, की शेवटी तेही पूर्ण दाखवावयाचे असते.